'रासेलस'चे वाचक : एस्प्लनेड ते पुणे

सॅम्युअल जॉन्सनची 'रासेलस' ही छोटेखानी कादंबरी एप्रिल १७५९ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाली. मनुष्यस्वभावाचा शोध घेणारी अभिजात कृती म्हणून इंग्रजी वाङ्मयाचे इतिहासकार तिचा आदराने निर्देश करतात. आदराने निर्देश होणाऱ्या पुस्तकांच्या वाट्याला बहुधा येते ते, म्हणजे न वाचले जाणे, अलीकडे तिच्याही वाट्याला आले आहे. परंतु ज्यांनी ती वाचली त्यांचे प्रतिसाद पाहिले, तर ते एकमेकांपासून इतके दूर आहेत की हे सर्वजण एकाच पुस्तकाविषयी बोलत आहेत काय, अशी शंका यावी. जॉन्सनचा चरित्रकार बॉझवेल वर्षातून एकदा ती संपूर्ण वाचल्याखेरीज स्वस्थ राहत नसे. शार्लट ब्राँटीच्या 'जेन एअर' या १८४७ च्या कादंबरीत शाळकरी जेन आपल्या मैत्रिणीच्या हातातील हेच पुस्तक चाळून पाहते आणि त्यात पऱ्या नाहीत, जिन नाहीत, म्हणून ते निरस ठरवून परत करते. खुद्द जॉन्सनने ती लिहून संपवल्यावर बावीस वर्षे उघडली नव्हती. १७८१ मध्ये प्रवासात, घोडागाडीत बसलेला असताना, बॉझवेलजवळची प्रत त्याच्या दृष्टीस पडली आणि ती ओढून घेऊन तो अधाशासारखा वाचू लागला. वाचता वाचता त्याने एका विशिष्ट उताऱ्यावर बोट ठेवले. तो उतारा कोणता, हे पुढे येईलच, कारण प्रस्तुत लेखाचा रोख त्याच्याकडेच आहे.

भारतीय वाचकांचा प्रतिसाद या तिन्हींहून निराळा होता. त्याचा इतिहास लिहायचा तर आरंभ पुण्यापासून न करता कोलकात्याच्या एस्प्लनेडपासून करावा लागतो. मराठी अभ्यासकाला हे काहीसे आडवळणाचे वाटेल. पण जॉन्सनची माणसे आणि जॉन्सनची पुस्तके या देशात प्रथम उतरली ती येथे.

'एस्प्लनेड' हा मूळचा लष्करी शब्द. किल्ला आणि नगर यांच्यामध्ये तोफांच्या माऱ्यासाठी मोकळी राखलेली जमीन, असा त्याचा अर्थ. प्लासीच्या लढाईनंतर, १७५८ मध्ये, नव्या फोर्ट विल्यमचे बांधकाम सुरू झाले. त्यासाठी गोविंदपूर हे गाव उठवण्यात आले आणि किल्ल्याभोवतीचे रान साफ करण्यात आले. आज ज्याला कोलकातावासी 'मैदान' म्हणतात त्याचा हा उगम, आणि त्या मैदानाच्या उत्तर कडेने धर्मतल्यापासून चांदपाल घाटापर्यंत जाणारी घरांची रांग म्हणजे एस्प्लनेड रो. लंडनमध्ये जॉन्सन आपल्या मातेच्या मृत्यूच्या छायेत, तिच्या अंत्यविधीचा खर्च भागवण्यासाठी, आठवडाभराच्या संध्याकाळी बसून 'रासेलस' लिहीत होता तेव्हा येथे किल्ल्याचे बांधकाम चालू होते. निव्वळ समकालीनत्वावरून अर्थ काढू नये हे खरे, तरी ही समकालीनता अगदीच निष्फळ नाही.

जॉन्सनचा या भूमीशी आलेला संबंध व्यक्तिगत होता. १७७४ मध्ये कलकत्त्यात सर्वोच्च न्यायालय स्थापन झाले. त्याचा एक न्यायाधीश रॉबर्ट चेंबर्स हा जॉन्सनचा निकटचा मित्र होता. ऑक्सफर्डला चेंबर्सने दिलेल्या विधिशास्त्रावरील व्याख्यानांच्या रचनेत जॉन्सनने गुप्तपणे साहाय्य केले होते. त्याच वर्षी जॉन्सनने वॉरन हेस्टिंग्जला पत्र पाठवले. पौर्वात्यांच्या परंपरा, त्यांचा इतिहास, त्यांच्या कला यांचा साक्षेपाने शोध घ्यावा, अशी त्या पत्रातील अपेक्षा होती. विल्यम जोन्सही जॉन्सनच्या लंडनमधील साहित्यमंडळाचा सभासद. तो १७८३ मध्ये न्यायाधीश म्हणून येथे आला आणि जानेवारी १७८४ मध्ये त्याने एशियाटिक सोसायटी स्थापन केली. जॉन्सन त्याच वर्षाच्या अखेरीस वारला. चेंबर्स १७७५ च्या नंदकुमार खटल्यात न्यायासनावर होता. फाशीची शिक्षा सांगणाऱ्या कायद्याखाली खटला चालवण्याविषयी तो प्रथम साशंक होता, पण अखेर त्याने इतरांना साथ दिली. याच चेंबर्सने गोळा केलेल्या संस्कृत हस्तलिखितांचा संग्रह १८४२ मध्ये बर्लिनच्या राजकीय ग्रंथालयाने विकत घेतला. ज्ञानाची भूक आणि फाशीच्या निकालावरील संमती एकाच माणसाच्या ठायी कशी नांदते, हा प्रश्न 'रासेलस'च्या लेखकाला अपरिचित नव्हता.

पुस्तके आली ती काहीशी नंतर. १८३५ मध्ये कलकत्त्यात सार्वजनिक ग्रंथालयाची चळवळ सुरू झाली आणि १८३६ मध्ये एस्प्लनेड येथे डॉक्टर स्ट्राँग यांच्या राहत्या घरी कलकत्ता पब्लिक लायब्ररी उघडली. फोर्ट विल्यम कॉलेजच्या संग्रहातील ४,६७५ ग्रंथ मेटकाफने तिच्याकडे सुपूर्द केले. द्वारकानाथ ठाकूर तिचे पहिले मालक-सभासद होते. युरोपीय आणि एतद्देशीय या दोहोंना ती खुली होती. ज्या काळी शहरातील बहुतेक दारे वर्णानुसार उघडत वा मिटत, त्या काळी ही गोष्ट साधी नव्हती. ग्रंथालयात प्रारंभापासून काम करणारे प्यारीचाँद मित्र पुढे ग्रंथपाल झाले, आणि त्यांनीच 'आलालेर घरेर दुलाल' (१८५८) ही बंगालीतील आरंभीची कादंबरी लिहिली. ग्रंथालय १८४१ मध्ये एस्प्लनेडवरून हलले. १९०३ मध्ये त्याचे इम्पीरिअल लायब्ररीत रूपांतर झाल्यानंतर, १९२३ मध्ये, ते पुन्हा एस्प्लनेडला, सरकारी सचिवालयाच्या जुन्या इमारतीत आले. १९४८ मध्ये ते राष्ट्रीय ग्रंथालय झाले आणि १९५३ मध्ये बेल्व्हेडिअरला गेले. वृत्तपत्रांचा विभाग मात्र त्यानंतरही दीर्घकाळ एस्प्लनेडलाच होता.

आता कादंबरीकडे वळू. अॅबिसिनियाचा राजपुत्र रासेलस डोंगरांनी वेढलेल्या एका सुखदरीत राहतो. तेथे इच्छिलेले सर्व मिळते, फक्त बाहेर पडता येत नाही. सर्व असूनही आपण असमाधानी का, या प्रश्नाने तो अस्वस्थ होतो. इम्लाक नावाचा जगभर हिंडलेला कवी त्याला भेटतो आणि हे दोघे, राजपुत्राची बहीण नेकाया व तिची सखी पेकुआ यांच्यासह, डोंगर पोखरून कैरोला जातात. कोणत्या प्रकारचे आयुष्य निवडले असता मनुष्य सुखी होतो, हे त्यांना पाहायचे असते. विलासी तरुण, मेंढपाळ, एकांतवासी, दरबारी, विवाहित आणि अविवाहित असे सर्व प्रकार ते तपासतात आणि कोठेही निर्णायक उत्तर मिळत नाही. शेवटच्या प्रकरणाच्या शीर्षकातच जॉन्सनने, येथे कशाचाही निष्कर्ष निघत नाही, अशी कबुली देऊन टाकली आहे. त्याच वर्षी व्हॉल्तेरची 'कांदीद' आली. दोन्ही पुस्तकांचा विषय एक, परंतु व्हॉल्तेर हसतो तेथे जॉन्सन थबकतो.

मराठी वाचकाने लक्ष द्यावे असा एक तपशील इम्लाकच्या पूर्ववृत्तात आहे. व्यापाऱ्याचा हा मुलगा बापाने दिलेले दहा हजार सुवर्णमुद्रांचे भांडवल घेऊन तांबड्या समुद्रातून निघतो तो थेट सुरतेला उतरतो. सोबतचे व्यापारी त्याला नवशिका समजून नोकरांकडून आणि जकातदारांकडून लुबाडू देतात. त्यांना त्यातून काही लाभ नसतो, केवळ आपण अधिक जाणते आहोत एवढा आनंद मिळतो. मनुष्यस्वभावाचा पहिला धडा इम्लाक सुरतेत शिकतो आणि मग आग्र्याला जाऊन मोगल बादशहाला भेटतो. १६६४ आणि १६७० ही सालेच ज्यांना सुरतेच्या नावाबरोबर आठवतात त्या आपल्यासारख्यांना हा प्रवेश गमतीचा वाटतो. पण आठवावे असे आणखी एक साल आहे. मार्च १७५९ मध्ये, म्हणजे पुस्तक बाजारात येण्याच्या जेमतेम दीड महिना आधी, ईस्ट इंडिया कंपनीने सुरतेचा किल्ला घेतला. जॉन्सनला त्याची वार्ता असणे शक्य नव्हते. त्याच्या कल्पनेतील सुरत ही अजून केवळ व्यापाऱ्यांची होती.

बंगालीत 'रासेलस' दोनदा अवतरली. शोभाबाजारच्या कालीकृष्ण देव यांचा अनुवाद १८३३ चा, आणि संस्कृत कॉलेजच्या परंपरेतील ताराशंकर तर्करत्न यांचा १८५७ चा. दुसऱ्या अनुवादकाविषयी तौलनिक अभ्यासकांनी थोडे थांबावे. याच ताराशंकरांनी १८५४ मध्ये बाणभट्टाची 'कादंबरी' बंगाली गद्यात आणली होती. बाणाच्या त्या ग्रंथनामावरून मराठीने एका अख्ख्या वाङ्मयप्रकाराचे नाव बनवले. बंगालीने 'उपन्यास' हा शब्द पत्करला. ज्या पंडिताने तीन वर्षांच्या अंतराने 'कादंबरी' आणि 'रासेलस' या दोन्ही कृतींना बंगाली गद्य दिले, त्याच्या लेखी या दोन्ही बहुधा एकाच जातीच्या होत्या : राजपुत्र, प्रवास, कथेत कथा आणि भारदस्त वाक्यरचना. नवल म्हणजे काय याची युरोपीय व्याख्या येथे पोहोचण्यापूर्वी आपल्याकडील वाचकाने आपली वर्गवारी आधीच केलेली होती. 'रासेलस' त्या वर्गात सहज बसली. ती परकी वाटली नाही, याचे एक कारण हे.

मराठीतील अवतार कृष्णशास्त्री आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर या पितापुत्रांचा आहे. कृष्णशास्त्र्यांनी (१८२४–१८७८) हाती घेतलेले हे भाषांतर विष्णुशास्त्र्यांनी (१८५०–१८८२) पुरे केले आणि ते १८७३ च्या सुमारास, निबंधमालेच्या आरंभापूर्वी, प्रकाशात आले. कृष्णशास्त्र्यांच्याच पुढाकाराने 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी'ही मराठीत आल्या होत्या. युरोपात अरबी कथांच्या भाषांतरांतून पौर्वात्य कथांची जी लाट उसळली तिच्यावरच 'रासेलस' तरली होती. म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेला गेलेला एक कथाप्रकार इंग्रजी नीतिचिंतनाचे वजन घेऊन परत आला आणि मूळ व परिणाम या दोहोंचे मराठीकरण एकाच घरात झाले. वाङ्मयीन देवाणघेवाणीचे इतके आटोपशीर उदाहरण मला तरी दुसरे ठाऊक नाही.

त्या वेळी मराठी कथात्म गद्याची स्थिती काय होती? बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ ची. तीत विधवांच्या दुःस्थितीचा थेट वेध आहे, पण तिची वाट लगेच कोणी चोखाळली नाही. त्यानंतर हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१), रिसबूड यांची 'मंजुघोषा' (१८६८) अशा अद्भुतरम्य कृतींचे युग आले. सद्गुणी नायिका, तिच्यावरील संकटे आणि अखेरचे मीलन हा त्यांचा ठरलेला घाट. १८७१ मध्ये गुंजीकरांच्या 'मोचनगड'ने इतिहासाचे दार उघडले. १८७२ मध्ये काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी 'नावल व नाटक ह्यांविषयी निबंध' लिहून या प्रकाराची चिकित्सा केली. अशा वेळी 'रासेलस' आली. तीत राजपुत्र होता, पण प्रेम नव्हते. अपहरण होते, पण पेकुआ खंडणी देऊन सुखरूप परत येते आणि तिच्या अपहरणकर्त्या अरबाविषयी फारसा द्वेषही बाळगत नाही. मीलन तर नव्हतेच. अद्भुताचा सगळा सरंजाम मांडून अद्भुत नाकारणारे हे पुस्तक तत्कालीन वाचकाला जेनप्रमाणेच निरस वाटले असेल, तर त्याला दोष देता येणार नाही.

तथापि एका विशिष्ट वाचकवर्गाला ते निरस वाटणे शक्य नव्हते. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची आणि त्याचे पहिले पदवीधर १८६२ चे. विष्णुशास्त्री त्यानंतर दहा वर्षांच्या आत डेक्कन कॉलेजातून बाहेर पडलेल्या पिढीतले. आपल्या समाजात आयुष्याचा क्रम जातीने, कुळाने आणि आश्रमव्यवस्थेने बव्हंशी आखून दिलेला होता. कोणते आयुष्य निवडावे, हा प्रश्न व्यक्तीपुढे उघडा पडण्याचा प्रसंग विरळ. या पदवीधरांपुढे तो प्रथमच आला, आणि ज्या क्षणी आला त्याच क्षणी त्याच्या उत्तरांची यादी किती तोकडी आहे हेही कळले : सरकारी नोकरी, वकिली, शिक्षकी. सुखदरीतून बाहेर पडण्याचे बळ देणारी विद्या आणि बाहेर पडल्यावर भेटणारी दुसरी भिंत, असा हा अनुभव होता. राजपुत्राच्या अस्वस्थतेत त्यांना स्वतःची अस्वस्थता दिसली असणार, असे मला वाटते.

येथे आपण त्या उताऱ्यापाशी येतो. रासेलस इम्लाकला विचारतो की युरोपीय लोक एवढे बलवान कशाने झाले. ते आशिया-आफ्रिकेत सहज येऊन व्यापार करतात, भूमी जिंकतात, तर आशिया-आफ्रिकेच्या लोकांनी त्यांच्या किनाऱ्यांवर का उतरू नये, त्यांच्या बंदरांत वसाहती का वसवू नयेत? जो वारा त्यांना परत नेतो तो आपल्यालाही तेथे नेईल. इम्लाक सांगतो की ते अधिक ज्ञानी आहेत म्हणून अधिक बलवान आहेत, आणि त्यांचे ज्ञान अधिक का, याचे कारण परमेश्वराच्या अगम्य इच्छेवाचून दुसरे देता येत नाही. १७८१ मध्ये घोडागाडीत जॉन्सनने बोट ठेवले ते याच जागी, आणि याचे दुसरे स्पष्टीकरण कोणालाच देता येणार नाही, असा अभिप्राय त्याने बॉझवेलला दिला. लेखकाला स्वतःच्या पुस्तकातील सर्वांत महत्त्वाची जागा ही वाटावी, याचे मला प्रथम आश्चर्य वाटले होते. मग ध्यानात आले की १७५९ आणि १७८१ यांच्या दरम्यान चेंबर्स कलकत्त्याला गेला होता, नंदकुमार फासावर चढला होता, आणि जो प्रश्न एका आफ्रिकी राजपुत्राच्या तोंडी कल्पनेने घातला होता त्याला आता प्रत्यक्ष पत्ता मिळाला होता.

वासाहतिक शिक्षणाच्या अभ्यासात गौरी विश्वनाथन यांच्या 'मास्क्स ऑफ कॉंक्वेस्ट' (१९८९) या ग्रंथाने एक विचारधारा रूढ केली. इंग्रजी साहित्य हे येथे राज्यकर्त्यांच्या हातातील नैतिक वळण लावण्याचे साधन होते, हे तिचे सार. ही मांडणी बिनतोड पुराव्यावर उभी आहे आणि 'रासेलस'सारखे पुस्तक तिच्या चौकटीत नेमके बसते : असंतोष हा मनुष्यस्वभावच आहे, तेव्हा परिस्थिती बदलण्याची धडपड व्यर्थ, असा बोध त्यातून काढणे सोपे आहे. तरीही माझे या मांडणीशी अंशतः मतभेद आहेत. वळण लावणाऱ्याचा हेतू कागदपत्रांत सापडतो. वळण घेणाऱ्याने त्या पुस्तकाचे काय केले, हे त्याच्या पुढील कृतीत शोधावे लागते. आणि जॉन्सन हे साधन म्हणून तितकेसे आज्ञाधारक नव्हते. त्याच १७५९ मध्ये त्याने युरोपीय शोधप्रवासांतील लूट आणि क्रौर्य यांचा उघड धिक्कार केला होता. वेस्ट इंडीजमधील गुलामांच्या पुढच्या बंडाचे त्याने ऑक्सफर्डच्या विद्वानांसमोर पेला उंचावून अभीष्ट चिंतिले होते. आपला कृष्णवर्णीय सेवक फ्रान्सिस बार्बर याच्यासाठी मृत्युपत्रात त्याने वर्षासन ठेवले.

विष्णुशास्त्र्यांनी काय केले? निबंधमालेत (१८७४–१८८१) त्यांनी जॉन्सनवर विस्तृत चरित्रपर निबंध लिहिला. राजाश्रय झिडकारून लेखणीवर जगणारा, दारिद्र्यात कोश रचणारा, तोंडावर सडेतोड बोलणारा ग्रंथकार हा त्यांचा आदर्श होता, हे त्या निबंधाच्या स्वरावरून कळते. कृष्णशास्त्र्यांनी आयुष्य सरकारी सेवेत घालवले. मुलगाही प्रथम त्याच वाटेने गेला. १८७९ मध्ये मात्र त्यांनी सरकारी शिक्षकाची नोकरी सोडली, जानेवारी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल काढले आणि १८८१ मध्ये 'केसरी' व 'मराठा' यांच्या स्थापनेत भाग घेतला. इम्लाकचे उत्तर त्यांना पटले नव्हते, याचा पुरावा 'आमच्या देशाची स्थिती' या त्यांच्या निबंधात आहे. देशाच्या अवनतीचे कारण येथील लोकांच्या स्वभावदोषांत शोधणाऱ्यांशी तो निबंध कडाक्याचा वाद घालतो. युरोपच्या सामर्थ्याचा प्रश्न परमेश्वराच्या इच्छेवर सोपवण्याइतकी तटस्थता जित राष्ट्रातील वाचकाला परवडणारी नव्हती. पुढे ब्रिटिश सरकारने तो निबंध जप्त केला. जॉन्सनचे पुस्तक अभ्यासात ठेवणाऱ्या राजवटीने जॉन्सनच्या भाषांतरकाराचे उत्तर मात्र वाचण्यास बंदी केली.

परंतु येथेच थांबून विष्णुशास्त्र्यांचा गौरव करणे हे अर्धसत्य ठरेल. १८७३ हेच जोतीराव फुल्यांच्या 'गुलामगिरी'चे आणि सत्यशोधक समाजाच्या स्थापनेचे वर्ष. अमेरिकेतील गुलामांची मुक्तता करणाऱ्यांना फुल्यांनी आपले पुस्तक अर्पण केले. ज्या जॉन्सनने गुलामांच्या बंडाला शुभ चिंतिले त्याचा मराठी भाषांतरकार फुल्यांच्या वाट्याला आला तो उपहासाची लेखणी घेऊन. निबंधमालेतील फुल्यांवरील टीका आज वाचताना त्रास होतो. मनुष्यस्वभाव सर्वत्र एकच, ही 'रासेलस'ची पायाभूत धारणा. ती इंग्रजांसमोर उभे राहताना विष्णुशास्त्र्यांना बळ देते आणि स्वतःच्या समाजाकडे वळताच त्यांच्या हातून निसटते. याचे काही बीज पुस्तकातच असावे. राजपुत्र सुखाचा शोध घेत हिंडतो तेव्हा त्याचे रत्नांनी भरलेले गाठोडे सोबत असते. कैरोतील वाड्यातील चाकरांना, पेकुआबरोबर पळवून नेलेल्या दासींना कोणते आयुष्य निवडावेसे वाटते, हे कोणी विचारत नाही. मेंढपाळांकडे ही मंडळी जातात खरी, पण त्यांच्या असंतोषाचे कारण श्रीमंतांसाठी राबावे लागणे हे आहे, असे कळताच नेकाया त्यांच्याकडे पाठ फिरवते. फुल्यांच्या दृष्टीने पाहिल्यास संपूर्ण कादंबरीत वाचण्याजोगी जागा बहुधा हीच.

माझ्या स्वतःच्या वाचनाविषयी थोडे. विद्यार्थिदशेत मी 'रासेलस' परीक्षेसाठी वाचली आणि तिच्यातील समतोल वाक्ये पाठ केली. त्या वयात तिचा निरुत्तर शेवट हा लेखकाचा थकवा वाटला होता. अध्यापन करू लागल्यावर मनात राहिला तो खगोलशास्त्रज्ञ. चाळीस वर्षे एकांतात आकाश पाहता पाहता, ऋतू आणि पाऊस आपल्याच आज्ञेने चालतात, अशी या सज्जन विद्वानाची खात्री झालेली असते. ही विद्वत्तेची थट्टा आहे असे समजून मी वर्गात हसत असे. आता कोलकात्यात अभ्यागत म्हणून काही काळ राहिल्यावर, सायंकाळी बोलायला मराठी माणूस नाही अशा अवस्थेत हे प्रकरण पुन्हा वाचले, तेव्हा त्याचा उपचार कसा होतो इकडे लक्ष गेले. त्याला कोणी युक्तिवादाने बरे करत नाही. दोन स्त्रिया त्याच्याकडे येऊ-जाऊ लागतात, गप्पा मारतात, त्याला बाहेर नेतात आणि भ्रम हळूहळू विरतो. मनुष्यस्वभावाविषयी जॉन्सनला जे खरोखर ठाऊक होते ते येथे आहे. सुखासंबंधीची त्याची प्रसिद्ध सूत्रे मला त्यापुढे फिकी वाटतात.

मराठी संस्कारांत वाढलेल्या वाचकाला ही कादंबरी वाचताना 'मनाचे श्लोक' आठवणे अपरिहार्य आहे. जगात सर्व प्रकारे सुखी कोण, हा प्रश्न रामदासांनी विचारलाच आहे. फरक पुढे पडतो. रामदास मनाला स्वतःच्या पूर्वसंचिताकडे पाहायला सांगतात आणि त्यामुळे प्रश्नाला पाय ठेवायला जमीन मिळते. जॉन्सन श्रद्धाळू ख्रिस्ती असूनही कादंबरीत ती जमीन देत नाही. आत्म्याच्या अमरत्वाची चर्चा शेवटी येते, पण तीनंतरही पात्रे आपापली मनोराज्ये करीत बसतात आणि ती फळणार नाहीत हे जाणून असतात. दुसरे स्मरण होते ते अर्थातच शाक्य राजपुत्राचे. सुखाच्या कोंडवाड्यातून बाहेर पडलेला राजपुत्र हा साम्याचा धागा इतका ठळक आहे की भारतीय वाचकांनी जॉन्सनला बौद्ध कथेचा उत्तराधिकारी ठरवावे, असा मोह होतो. बुद्धकथेचे ख्रिस्ती रूपांतर असलेली बार्लाम व योसाफत यांची कथा मध्ययुगीन युरोपभर पसरली होती आणि इथिओपियाच्या भाषेतही ती उतरली होती. तथापि प्रत्यक्ष ऋण दाखवण्याजोगा दुवा हाती नसताना साम्यावर थांबणे श्रेयस्कर. या संदर्भात धर्मानंद कोसंबी यांचा उल्लेख अस्थानी होणार नाही. गोव्यातून निघालेला हा मराठी भाषक विद्वान विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कलकत्त्यात पाली शिकवीत होता. 'भगवान बुद्ध' (१९४०) या ग्रंथात त्यांनी जरा, व्याधी व मृत्यू पाहून राजपुत्राने गृहत्याग केला ही कथा बाजूला सारून शाक्य-कोलियांच्या पाण्यावरील कलहाकडे लक्ष वेधले. व्यक्तीच्या आंतरिक असमाधानाऐवजी समाजातील शस्त्रसंघर्ष! सुखदरीच्या कथेला इतके मूलगामी उत्तर दुसऱ्या मराठी लेखकाने दिलेले नाही, आणि ते देताना जॉन्सन त्यांच्या गावीही नव्हता.

एस्प्लनेडवर आजही एक उंच स्तंभ उभा आहे. १८२८ मध्ये तो डेव्हिड ऑक्टरलोनीच्या स्मरणार्थ उभारला गेला. १८०४ मध्ये यशवंतराव होळकरांच्या वेढ्यापासून त्याने दिल्ली राखली होती आणि पुढे गुरख्यांशी झालेल्या युद्धात विजय मिळवला होता. स्तंभाची बैठक इजिप्शियन धाटणीची आहे. १९६९ मध्ये त्याचे नाव शहीद मिनार असे झाले आणि त्याच्या पायथ्याशी राजकीय सभा होत राहिल्या. 'रासेलस'मध्ये ही मंडळी पिरॅमिड पाहायला जातात तेव्हा इम्लाक म्हणतो की असल्या प्रचंड वास्तूमागे गरज नसते. सर्व मिळाल्यावरही न शमणारी कल्पनेची भूक असते, आणि ती भागवण्यासाठी हजारो माणसे दगडावर दगड रचत राहतात. होळकरांच्या पराभवाच्या स्मारकाखालून जाताना मला हा परिच्छेद नेहमी आठवतो. मराठी प्रवाशांपैकी फारच थोड्यांना त्या दगडांत आपलाही काही अंश आहे याची कल्पना असते.

मराठी 'रासेलस'ने परंपरा निर्माण केली नाही, असे वाङ्मयेतिहासकार म्हणतात. थेट अनुकरणाच्या अर्थाने ते खरे आहे. पण विष्णुशास्त्री १७ मार्च १८८२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षात वारले तेव्हा न्यू इंग्लिश स्कूलमधील त्यांच्या एका विद्यार्थ्याने 'शिष्यजनविलाप' ही विलापिका लिहिली. तो विद्यार्थी म्हणजे हरि नारायण आपटे. १८९० पासून 'करमणूक'मध्ये क्रमशः येऊ लागलेल्या त्यांच्या कादंबरीत राजपुत्र नाही, सुखदरी नाही, रत्नांचे गाठोडेही नाही. यमुना नावाची एक ब्राह्मण मुलगी आहे, तिच्यापुढे निवडीचा प्रश्न कोणी ठेवतच नाही, आणि शीर्षक असे की त्याचे उत्तर कादंबरी देत नाही : 'पण लक्षांत कोण घेतो!'